दिवसाखालच्या दोन ओळी

—नाही, त्या खुर्चीवर नको मॅडम, तिचा मागचा पाय निखळलाय. मागच्या तपासणीला एक गृहस्थ बसले धाडकन, आणि पुढचं सगळं त्यांनी उभ्यानंच तपासलं. ही घ्या, माझी. मला स्टूल चालतं, मी या ऑफिसात स्टुलावरच सुरुवात केली—शिपाई होते ना, साहेबांच्या दाराबाहेर. हां, तर शिक्षणाधिकारी साहेब कधी येतील विचारत होतात. येतील की. साडेअकरा सांगितलंय म्हणजे सव्वाबारा धरा. तोवर तुम्हाला चहा विचारायचा आणि अहवाल वाचायला द्यायचा असा मला निरोप आहे. चहा विचारला, तुम्ही नको म्हणालात. अहवाल तुमच्या हातात आहे. बेचाळीस पानं, गुळगुळीत कागद, 'नगरपरिषदेच्या शिक्षण सेवा: आव्हाने आणि प्रगती'. आव्हानं दीड पानात उरकलीत बघा, बाकी साडेचाळीस पानं नुसती प्रगती. सातवं पान काढा. फोटो नंतर बघा हो, सातवं. चौकटीत काय लिहिलंय? 'शाळाबाह्य बालके: शून्य.' सहा वर्षं तोच आकडा, जागचा हलायला तयार नाही. आम्ही आपसात त्यांना शून्यसाहेब म्हणतो. तोंडावर नाही म्हणत, तोंडावर सगळे मूग गिळून असतात, मीसुद्धा. एकतीस वर्षं गिळले. आता दोन महिन्यांनी रिटायर होणार, तेव्हा म्हटलं, आज जरा बोलावं.

आता खोटं नाही बोलणार, माणसानं काम केलंय. मी त्यांचं वाईट चिंतते—चिंततेच, त्यात लपवायचं काय—पण केलं ते केलं. ते आले तेव्हा एकोणीस शाळांपैकी अकरांची छपरं गळत होती, आज एक गळत नाही. मुलींच्या संडासांना दारं बसली, कड्या बसल्या, आणि कड्या आतून बसल्या—आधीच्या साहेबांनी बाहेरून लावल्या होत्या, काय सांगायचं तुम्हाला. एकेका मास्तरावर तीन-तीन वर्ग होते ते दोनवर आले. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांसाठी वेगळा वर्ग निघाला, मागच्या इमारतीत, बारा मुलांचा, शिकवायला खास बाई आणली, तिच्यासाठी साहेब स्वतः वरच्या ऑफिसात तीन दिवस ठाण मांडून बसले होते. पान चोवीस. हे सगळं खरं आहे. म्हणूनच तर जास्त राग येतो. नुसता नालायक माणूस असता तर मी त्याला केव्हाच विसरून गेले असते, नालायक काय, येतात आणि जातात. पण याला जमत होतं, आणि जमत असताना यानं—थांबा, रजिस्टरं काढते.

हे आवक रजिस्टर. सात वर्षांची सात. तुम्ही नका उचलू, जड आहेत, मी ठेवते पुढ्यात. या खोलीत जो कागद येतो त्याच्यावर मी शिक्का मारते, तारीख घालते, नंबर घालते आणि इथं ओळीत उतरवते—कुणाकडून आला, कशाबद्दल आला, कुणाकडे पाठवला. ज्याला नंबर नाही तो कागद आलाच नाही. माणूस दारात उभा राहून रडला तरी आला नाही. आणि शाळेत जागा मागणाऱ्या अर्जाचं असं आहे की नंबर पडला की तीस दिवसांत जागा द्या, नाहीतर लेखी कारण द्या. धडधाकट मुलाचं काही अडत नाही, त्याला कुठंही बसवता येतं. घोडं पेंड खातं ते ज्याला ऐकू येत नाही, ज्याला चालता येत नाही, ज्याला अक्षर ओळखायला वेळ लागतो, त्याच्यापाशी. त्याला खास शिक्षक लागतो. आणि अख्ख्या गावाला खास शिक्षक किती? दोन. एक त्या बारा मुलांच्या वर्गावर, आणि दुसऱ्या आमच्या फिरत्या बाई—एकोणीस शाळा, एक सायकल, तिचीही चेन पडलेली. मग साहेबांनी काय केलं? शिक्षक मागितले. मागितले एकदा, दोनदा, वरून उत्तर आलं नाही. मग त्यांनी शून्य आणला. शून्याला कुणाची मंजुरी लागत नाही ना.

कसा आणला ते सांगते, सोपं आहे. असा अर्ज आला की मी आत घेऊन जायची. साहेब वाचायचे, म्हणजे वरच्या चार ओळी, आणि कोपऱ्यात हिरव्या शाईनं लिहायचे—'नंतर'. सही नाही, तारीख नाही, नुसतं नंतर. मग म्हणायचे, बाई, हा आज नोंदवू नका, बाजूला ठेवा. बाजूला म्हणजे माझ्या टेबलाचा खालचा खण. आणि वर्षाच्या शेवटी घरोघरच्या पाहणीचा तक्ता यायचा, त्यात तेच मूल घरात बसलेलं सापडायचं, तर त्याच्यापुढे शेरा—'स्थलांतरित'. पोरगं खिडकीत बसलंय, आई दारात उभी आहे, आणि कागदावर दोघं गाव सोडून गेलीत. एका आईला कुठून तरी कळलं, ती आली इथं, तुम्ही बसलात तिथंच उभी होती, मला म्हणाली, आम्ही कुठं गेलो हो बाई, तेवढं तरी सांगा, म्हणजे आम्ही तिकडे जाऊन राहतो. मी म्हटलं, चौकशी करते. एवढंच म्हणता येतं आम्हाला.

आज तुम्ही त्या सातव्या पानाखाली सही केलीत की साहेब वर जाणार, हे माहीत आहे ना तुम्हाला? मुख्य कार्यालयात. सगळ्या नगरपरिषदांच्या शाळा त्यांच्या हाताखाली, सगळीकडे शून्य करून टाकतील. भिंतीवरचं स्वतःचं प्रशस्तिपत्र त्यांनी परवाच काढून कागदात गुंडाळून ठेवलंय, खिळा तेवढा राहिलाय, जाताना बघा. आणि मला हे होऊ द्यायचं नाही. स्पष्टच सांगते. मला त्यांना वर जाऊ द्यायचं नाही, मला त्यांना खाली आणायचंय, या खोलीत, या स्टुलावर बसवायचंय, आणि समोर बावन्न आया उभ्या करायच्यात—त्रेपन्न. त्रेपन्न आया. आणि प्रत्येकीनं विचारायचं, नंतर म्हणजे केव्हा? एवढा एकच प्रश्न. मी बाजूला उभी राहून बघेन. मला दुसरं काही नको, निरोप समारंभसुद्धा नको, फुलांचा गुच्छ तर नकोच नको.

तर या नोंदी बघा. खुणेच्या चिठ्ठ्या लावल्यात मी, तुम्हाला शोधायला नको म्हणून. साहेब म्हणाले नोंदवू नका, पण मी नोंदवलेत, सगळेच्या सगळे, ज्या त्या तारखेला, माझ्या अक्षरात. ही बघा—अर्जदार आई, मुलाला चालता येत नाही, तळमजल्यावरचा वर्ग मिळावा. ही दुसरी. ही—ही आजी आहे, आईबाप नाहीत मुलीला. नंबर आहे, तारीख आहे. साहेबांना पत्ता नाही, कारण ते रजिस्टर उघडतच नाहीत, त्यांना शेवटी फक्त बेरीज लागते. त्यांना वाटतं कागद खणात आहेत आणि बाई निमूट आहे. आता काढा म्हणावं हे पुसून. छापील नंबराचं रजिस्टर आहे, पान फाडलं तर लगेच कळतं. बसेल तोंडात मारल्यासारखा.

साहेबांना हे रजिस्टर एकदाच लागलं होतं, आल्या-आल्या. एका शाळेची भिंत पडली, कुणाला लागलं नाही, पण चौकशी आली की दुरुस्तीची नोटीस आधी का दिली नाही. तर मला म्हणाले, बाई, मागच्या महिन्यातली एक ओळ मिळेल का. मी म्हटलं, मिळेल की. त्यांना कळेना कशी मिळेल. अहो, ही आमची इथली पद्धत आहे, मला ज्या जुन्या हेडक्लार्कनी काम शिकवलं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं—दिवस संपला की शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या सोडायच्या. नंबर असतो, पुढं काही नाही. का? तर साहेब लोकांना उद्या आठवतं की काल एक पत्र आलं होतं. मग त्या ओळीत बसवायचं. वर्ष संपलं की ज्या ओळी उरतील त्यांच्यावर तिरपी रेघ मारून रद्द करायच्या, की झालं. सगळ्या टेबलांवर अशीच चालते ही पद्धत, तुमच्याकडेही असेल, नसली तर आश्चर्य आहे. साहेब त्या दिवशी माझ्यावर इतके खूश झाले—म्हणाले, बाई, तुम्ही माझा उजवा हात. वर्षाच्या शेवटच्या रेघा मी त्या वर्षापासून मारल्याच नाहीत. कुणी विचारलं नाही. राहिल्या तशाच, दर दिवसाखाली दोन—

काय म्हणालात?

हो. हो, शेवटच्या ओळीतच आहेत त्या नोंदी. म्हणजे दिवसातला शेवटचा कागद म्हणून—बावन्नच्या बावन्न? असतील. योगायोग असेल. अर्ज देणाऱ्या बायका कामं आटोपून येतात, त्यांना उशीर होतो, म्हणून शेवटी—नका असं बघू माझ्याकडे. हुशार आहात तुम्ही, मागच्या तपासणीला तुम्हाला पाठवायला हवं होतं. बरं, लिहा काय लिहायचं ते. गेल्या तीन आठवड्यांत भरल्या मी. जेवणाच्या सुट्टीत, डबा न खाता, खणातले अर्ज एकेक काढून, त्यांच्यावरची तारीख बघून, त्या दिवसाखालच्या कोऱ्या ओळीत. जुन्या शाईची बाटली होती कपाटात, तळाशी गाळ बसलेला, पाणी घालून हलवली. माझी नोकरी जाईल म्हणताय? दोन महिन्यांची आहे, जाऊ दे. पण त्यानं माणूस सुटतो असं समजू नका, कारण मी एक गोष्ट केली होती जी साहेबांना ठाऊक नाही. मी प्रत्येकाला पोच दिली होती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख, माझी सही, आणि ती प्रत त्या माणसाच्या हातात. नोंद करू नका म्हणाले, पोच देऊ नका असं कुठं म्हणाले होते? प्रत्येकाच्या घरात ती प्रत आहे. पेटीत आहे, गादीखाली आहे, एकीनं तर भिंतीला चिकटवलीय. रजिस्टर मी आत्ता भरलं असेल, पण शिक्का त्याच दिवशीचा आहे. आणि मूळ अर्ज हे, या फाइलीत, कोपऱ्यात साहेबांचं हिरवं 'नंतर', त्यांच्या स्वतःच्या हातचं. आता सोक्षमोक्ष लागू दे. आणि नियम तुम्हालाही पाठ असेल—मूल चौदा पूर्ण व्हायच्या आत अर्ज दाबल्याचं ठरलं तर त्याला जागा द्यावीच लागते, कशीही, खास शिक्षक आणून द्यावी लागते. म्हणजे साहेब तर जातीलच, वर बावन्न पोरं—

तो अर्ज राहू द्या. तो वेगळा आहे, चुकून त्यात आला. द्या इकडं. बावन्न पुरेत की तुम्हाला, बावन्नांत बुडतो माणूस. काय? कोपऱ्यात 'नंतर' नाही? नाही का? असेल, शाई उडाली असेल, हिरवी शाई उडते कधीकधी. बरं, नाही उडत. तुम्ही नीट बघता हो सगळं. त्यांच्यासारखं अक्षर काढणं मला काही कठीण नव्हतं, हिरवं पेन माझ्याही टेबलावर आहे, तीन आठवड्यांत चारदा हातात घेतलं, टोपण काढलं आणि परत लावलं. हात वळला नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा अर्ज आहे तो.

तिची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची होती. ऐकू येत नाही, जन्मापासून. आता तेराची आहे, चार महिन्यांनी चौदा पूर्ण होतील. घरीच असते, आई शिवणकाम करते, तिला ही काजं करून देते, बटणं लावून देते, काजं इतकी सुबक की दुकानवाले विचारतात कुणी केली. मला ती अशी हाक मारते—हे बघा, मूठ वळून तळहातावर आपटते. शिक्का. मावशी म्हणजे शिक्का मारणारी. तिचं तिनंच काढलंय ते, कुणी शिकवलं नाही, शिकवणार कोण? अक्षर एक येत नाही. एकदा तिचं नाव मी कागदावर लिहून दाखवलं तर तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि मला परत दिला. दर रविवारी जाते मी तिच्याकडे. आणि दर रविवारी माझी बहीण साहेबांचा उद्धार करते. माझ्या पोरीच्या आयुष्याची माती केली मेल्यानं, वाटोळं होईल त्याचं, असं म्हणते, मशीन चालवता चालवता. आणि मी मान डोलावते. मी म्हणते, होईल गं, मी करते त्याचं वाटोळं, बघच तू. सात वर्षं म्हणतेय. म्हणून तर हे सगळं—हे रजिस्टर, ही शाई—तिला एकदा दाखवायचंय मला, की बघ, तुझ्या ताईनं केलं.

कुणी अडवला विचारताय. साहेबांनीच की. दुसरं कोण अडवणार? माझ्याकडून आत गेला असता तर त्यांनी त्याच्यावरही नंतरच लिहिलं असतं. लिहिलंच असतं. मग तो आत गेला काय आणि न गेला काय, फरक काय पडतो?

हो. नाही गेला.

सांगते. तुम्ही लिहिणं थांबवा जरा, मग सांगते. आम्ही दोघी बहिणी. ती झाली तेव्हा आई अंथरुणाला खिळली, तर मला सातवीतून काढलं घरी, तिला सांभाळायला. मी रडले वगैरे नाही, त्या वेळी काढायचेच मुलींना. ती शिकली, कॉलेजात गेली. मी नंतर इथं शिपाई लागले, पाणी भरलं, फायली वाहिल्या, बाहेरून परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले आणि या टेबलावर बसले. चाळिशी उलटली होती. तर ती अर्ज घेऊन आली त्या दिवशी इथं रांग होती, दहा-बारा माणसं, आमच्या ऑफिसातले दोघं-तिघं पण उभे. आणि ती हसत हसत सगळ्यांना म्हणाली—ही माझी ताई, हिचं शिक्षण सातवी, पण शिक्का कसा जोरात मारते बघा. सगळे हसले. ती वाईट नाही हो, तिच्या मनात काही नव्हतं, कौतुकानंच म्हणाली असेल, ती अशीच बोलते. पण मी तो कागद घेतला आणि खणात टाकला. म्हटलं, थांब. आठवडाभर थांब. वाट बघणं काय असतं ते कळू दे तुलाही एकदा. एकच आठवडा, मॅडम. पुढच्या सोमवारी मी तो काढणार होते.

पोच? नाही, तिला पोच दिली नाही. तिनं मागितलीही नाही. सख्ख्या बहिणीकडे पोच कोण मागतं?

सोमवारी ती फोन करून म्हणाली, झालं का गं, आणि तिचा तो सूर ऐकला, आणि म्हटलं, अजून चार दिवस. मग परीक्षा आल्या, मग वर्ष संपलं, मग नवीन वर्षात साहेबांनी पहिला शून्य जाहीर केला, टाळ्या पडल्या, आणि त्यानंतर तो कागद बाहेर काढायचा म्हणजे काय सांगून काढायचा? तोवर मी तिला सांगून बसले होते की साहेबांच्या टेबलावर अडलाय. एकदा सांगितलं की मग ते तसंच धरून बसावं लागतं. आणि हळूहळू मलाही ते खरंच वाटायला लागलं, तुम्हाला पटणार नाही. ती शिव्या द्यायची, मी ऐकायची, आणि घरी जाताना माझ्याच अंगात त्या माणसाबद्दल असा जाळ उठायचा की बस. बाकीच्या बावन्नांचं त्यानं केलंच ना? केलंय. मग त्याच रांगेत हाही एक. त्याला बुडवताना एकानं काय मोठं ओझं वाढतं.

चोवीस पान का काढलंत? बारा मुलांचा वर्ग, हो. कधी सुरू झाला ते लिहिलंय खाली. त्याच वर्षी. त्याच महिन्यात. मोजू नका फोटोतली, मी सांगते, अकरा आहेत. बारा खुर्च्या होत्या आणि अकरा मुलं आली होती. साहेब त्या महिन्यात मला रोज विचारायचे, बाई, कानाचा एखादा अर्ज आलाय का बघा, एक जागा रिकामी आहे, मला बाराचा फोटो काढायचाय. रोज विचारायचे, या दारात उभे राहून. आणि मी सांगायची, नाही साहेब. एकही नाही. वर्षभर ती खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, पुढच्या वर्षी कुणा वशिल्याच्या मुलाला दिली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि तुम्हालाही सांगणार नव्हते, मी तुम्हाला इथं बोलत बसवलं होतं ते साहेबांचं पितळ उघडं पाडायला.

हे काय, परत देताय? असा समोर धरू नका हो. ठेवा खाली. घ्यायचा म्हटलं तर मला घेता येईल, हे कळतंय मला. घडी घालून पर्समध्ये टाकला की झालं. बावन्नांची चौकशी लागेल, साहेब जातील, पेपरात येईल, रविवारी बहीण माझ्या गळ्यात पडून म्हणेल, ताई, तू केलंस गं. मला तेच ऐकायचं होतं, मॅडम. सात वर्षं तेवढ्या एका वाक्यासाठी काढलीत मी. आणि बावन्न पोरांना जागा मिळेल, त्यांच्याकडे पोच आहे, हिरवी शाई आहे. माझी भाची तेवढी काजं करत बसेल. तिच्याकडे काहीच नाही. तिचा अर्ज आला होता हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. चार महिन्यांनी त्याचाही उपयोग उरणार नाही.

बरं. ठेवा तो तुमच्याकडेच. फाइलीत, सगळ्यांत वर ठेवा. आणि लिहा, मी सांगते तसं, माझं अक्षर आज नीट येणार नाही. 'सदर अर्ज मी स्वतः स्वीकारला. तारीख अर्जावर आहे ती बरोबर आहे. तो मी साहेबांपुढे ठेवला नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून नव्हे.' लिहिलंत? ते 'नव्हे' नीट लिहा, खोडाखोड नको. एवढ्या एका अर्जात तो माणूस निर्दोष सुटतो, याचा मला किती संताप येतोय ते तुम्हाला कळणार नाही. बावन्नांत मात्र सोडू नका त्याला. बावन्नांत अगदी सालटी काढा. आणा, सही करते. इथं? ही घ्या.

आता तुम्ही साहेबांसाठी थांबू नका, ते गोड बोलतात, दुपार घालवतात. फाइल घ्या आणि आधी तिच्याकडे जा, पत्ता अर्जावर आहे, बदललेला नाही, त्या कुठंही गेल्या नाहीत. या वेळेला दोघी घरी असतात. मुलीला मागून हाक मारू नका, समोर जाऊन उभ्या राहा, म्हणजे ती दचकत नाही. बहीण विचारेल, ताईनं पाठवलं का. हो म्हणा. ती आनंदानं आत घेईल तुम्हाला, मशीनवरचे कपडे उचलून बसायला जागा करेल, पाणी देईल. पाणी प्या आधी. मग वाचून दाखवा.

निघा मॅडम. मला आजची डाक नोंदवायचीय.